टेफ्लॉन कोटिंग पुन्हा पुन्हा सुटतंय? आधी पापुद्रा उलटा करून बघा

महिन्यातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर असा फोटो येतोच. कोटिंगवर रुपयाएवढा फोड, शेजारी उचललेला पापुद्रा आणि खाली एकच ओळ: "साहेब, परत सुटलं." सगळा राग त्या 'परत'मध्ये असतो. पहिल्यांदा सुटलं तेव्हा पार्टीनं समजून घेतलेलं असतं. दुसऱ्यांदा आम्ही निम्म्या पैशात करून दिलेलं असतं. तिसऱ्यांदा मात्र कोटिंगवाला लबाड आहे यावर त्यांच्या परचेसपासून प्रॉडक्शनपर्यंत सगळ्यांचं एकमत झालेलं असतं.

मी भोसरीत एकवीस वर्षं फ्लोरोपॉलिमर, म्हणजे टेफ्लॉन आणि त्याच्या भाऊबंदांच्या कोटिंगचं जॉबवर्क करतोय. कोटिंगवाला कधीकधी खरोखरच चुकतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तेच कोटिंग त्याच जागी तिसऱ्यांदा सुटत असेल, तर नुसतं चौथ्यांदा मारून काही होत नाही. ते का सुटलं हे बहुतेक वेळा सुटलेल्या तुकड्यावरच दिसतं, फक्त मागच्या बाजूला. लोक पुढची बाजू बघतात, फोटोही पुढूनच काढतात.

म्हणून माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. ग्राइंडर लावू नका, पॉलिश पेपर मारू नका, "जरा साफ करून" पाठवू नका. पापुद्रा सोलून प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि कुठून काढला ते मार्करनं लिहा. फोड अजून फुटला नसेल तर हातमोजे-गॉगल घालून त्यातलं पाणी सिरिंजनं काढा आणि पीएच पेपरवर एक थेंब टाका. चहाच्या पैशात होणारी ही तपासणी कुणी करत नाही, आणि मग मीटिंगमध्ये दोन तास वाद घालतात.

चिकटत नाही ते चिकटवायचं कसं

टेफ्लॉनला काही चिकटत नाही, मग ते लोखंडाला कसं चिकटतं? हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात. इंजिनिअर विचारत नाहीत, आणि गडबड तिथंच होते. पीटीएफई, म्हणजे मूळ टेफ्लॉन, १९३८ साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानं लागलं. तव्यावर बसायला त्याला १९५४ उजाडलं. फ्रान्समधल्या मार्क ग्रेग्वार यांनी ॲल्युमिनियम आधी ॲसिडनं खडबडीत करून घेतलं आणि त्या बारीक खाचांमध्ये पीटीएफई रुतवलं. आजही गाडी त्याच रुळांवरून चालते. कार्बन आणि फ्लोरीनची जोडी इतकी घट्ट की ती तिसऱ्या कुणाला जवळच येऊ देत नाही. त्यामुळे ॲसिड तिला खात नाही, आणि त्याच कारणानं ती धातूलाही धरत नाही. मग आम्ही ब्लास्टिंग करून, म्हणजे धारदार कणांचा (ग्रिटचा) जोरात मारा करून, धातूवर साधारण ४० ते ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खोलीची दऱ्याखोरी तयार करतो. त्यावर धातूला पकडणारं रेझिन असलेला प्रायमर मारतो. वरचा थर भट्टीत वितळून त्या प्रायमरमध्ये गुंततो. सगळी मदार या खालच्या दोन गोष्टींवर असते. वरचा माल कितीही महागाचा आणा, खाचा बुजलेल्या असतील तर तो केळ्याच्या सालीसारखा निघतो.

मागची बाजू काय सांगते

पापुद्र्याची मागची बाजू गुळगुळीत, त्याखाली धातूही लख्ख, कुठं गंजाचा ठिपका नाही: हा गुन्हा आमचा, कोटिंगवाल्याचा. ब्लास्टिंगची ग्रिट वापरून वापरून गोल झालेली असते आणि खाचा पडण्याऐवजी धातू नुसता ठोकला जातो. किंवा ब्लास्टिंग शनिवारी झालं आणि प्रायमर सोमवारी लागला. पावसाळ्यात आम्ही चार तासांची हद्द पाळतो, आणि जॉबचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असल्याशिवाय स्प्रे गन उचलत नाही. तिसरा संशयित कॉम्प्रेसर. त्याचं तेल हवेबरोबर गनमध्ये येतं, डोळ्यांना दिसत नाही. एअर लाइनसमोर स्वच्छ आरसा दोन मिनिटं धरा. आरशावर धूसर पट्टा उमटला तर सगळं कोटिंग तेलावर बसतंय असं समजा. तुमच्या कोटिंगवाल्याकडे गेलात तर हे त्याच्यासमोरच करून बघा. त्याला राग आला तरी चालेल.

प्रायमर धातूवर जसाच्या तसा बसलेला आहे आणि फक्त वरचा थर निघालाय, तर भट्टीकडे बघा. पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे त्याची भट्टी त्याहून बरीच वर, ३७० ते ४०० च्या घरात चालते. पण पॅनेलवर दिसतो तो हवेचा आकडा. ४ मिलिमीटरच्या पत्र्याला ६० मिलिमीटरचा फ्लँज (बोल्ट लावायचं जाड कडं) वेल्ड केलेला असेल तर पत्रा वीस मिनिटांत तापतो आणि फ्लँज तासभर कुडकुडत बसतो. अशा जॉबवर कोटिंग नेमकं फ्लँजच्या बाजूनं सुटतं आणि पत्र्यावर ठणठणीत असतं. उलट टोकाला, फ्लँज तापेपर्यंत थांबलं की पत्र्यावरचा थर करपून तपकिरी होतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, जॉबच्या सर्वांत जाड जागी बांधला होता का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर कारण सापडलं.

प्रायमर मधोमध फाटलाय, अर्धा धातूवर आणि अर्धा पापुद्र्यावर, तर तो कशानं तरी कुजलाय. अनेक प्रायमरमध्ये पॉलिअमाइड-इमाइड असतं. त्याची पकड उत्तम, पण गरम कॉस्टिक सोडा आणि वाफ त्याला सोसत नाही. पार्टी सांगते, "आमच्याकडे फक्त सौम्य ॲसिड असतं." खरंच असतं. पण दर शुक्रवारी गरम कॉस्टिक फिरवून लाइन धुतात हे सांगायचं राहून जातं, कारण ते प्रोसेसमध्ये नाही, साफसफाईत आहे. कोटिंगच्या दृष्टीनं साफसफाईचं रसायन हेही रसायनच.

आणि मागून तपकिरी, काळं, ओलसर, पावडर धरलेलं असेल, तर रसायन धातूपर्यंत पोचलंय. ते दोन वाटांनी पोचतं. एक म्हणजे भोक. पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर गंज एका बिंदूपासून सुरू होऊन कडंकडंनं पसरलेला दिसतो, पाण्याच्या थेंबाभोवती डाग पसरावा तसा. दुसरी वाट लोकांच्या पचनी पडत नाही: थराला कुठंही भोक नाही, स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीनं भोक शोधायची तपासणी) पास आहे, तरी खाली गंज. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ, क्लोरीन, ब्रोमीन, साधी पाण्याची वाफ, यांचे रेणू प्लास्टिकच्या थरातून हळूहळू पाझरतात. थर त्यांना अडवत नाही, फक्त उशीर करतो. अशा वेळी एक मोठा फोड येत नाही, सगळ्या भागावर घामोळ्यासारखे बारीक फोड येतात.

या पाझरण्याला सगळ्यात जोर येतो तो आत गरम आणि बाहेर गार असलं की. महाडला एका पार्टीच्या ॲसिड वाफेच्या डक्टमध्ये दर पावसाळ्यात फोड यायचे, उन्हाळ्यात काही नाही. आत ७० अंशांची वाफ, बाहेरून पावसाची संततधार. वाफ थरातून पाझरायची आणि गार पत्र्याला टेकताच तिचं पाणी व्हायचं, थराच्या मागे. कोटिंग तेच ठेवून आम्ही डक्टला बाहेरून इन्सुलेशन आणि क्लॅडिंग करायला लावलं. पार्टीला वाटलं आम्ही जबाबदारी झटकतोय. पुढच्या पावसाळ्यात तक्रार आली नाही, आणि तक्रार आली नाही हे सांगायला फोनही आला नाही.

कुरकुंभची बास्केट

हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगतोय, पण एका जॉबनं मला स्वतःला तीन वेळा तोंडावर पाडलंय.

कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषधी इंटरमिजिएटच्या (औषधासाठी लागणाऱ्या मधल्या टप्प्यातल्या रसायनाच्या) कारखान्यातली सेंट्रिफ्यूजची, म्हणजे गरगर फिरवून माल गाळणाऱ्या यंत्राची, बास्केट. माइल्ड स्टीलची, अंगभर भोकं, आतून-बाहेरून ईसीटीएफई कोटिंग, ज्याला बाजारात सगळे हॅलर म्हणतात. आत जो माल गाळायचा त्याचं मदर लिकर, म्हणजे गाळून निघणारं पाणी, ॲसिडिक. पहिलं कोटिंग दुसऱ्या कुणाचं तरी होतं, ते जवळपास चार वर्षं टिकलं. मग जॉब आमच्याकडे आला. आमचं पहिलं सात महिने टिकलं. दुसरं पाच. तिसरं तीन.

हे आकडे ओळीनं लिहिले की लहान मुलालाही कळेल, पण प्रत्येक वेळी मी एकेकटा आकडा बघत होतो. पहिल्या वेळी मी आमच्या ब्लास्टरला झापलं. दुसऱ्या वेळी कोटिंगच्या पावडरचा लॉट बदलला. हातकाम खराब असतं तर कोटिंग कधी वर्षभर टिकलं असतं, कधी महिनाभर. दर खेपेला आयुष्य घटतच जातंय याचा अर्थ कोटिंग तेच आहे आणि खालचा धातू दर खेपेला जास्त आजारी आहे.

तिसऱ्या वेळी पापुद्रे मागवले. मागची बाजू काळपट आणि बोटाला ओली लागणारी. फोडातल्या पाण्यानं पीएच पेपर लालभडक केला. बास्केट आणून जुना थर काढला, ब्लास्टिंग केलं. संध्याकाळी ती चांदीच्या भांड्यासारखी दिसत होती. नेहमीसारखा लगेच प्रायमर न मारता रात्रभर तशीच ठेवली. ऑगस्ट महिना, भोसरीची ओल. सकाळी बघतो तर पाऊण बास्केट अजून लख्ख, आणि वेल्डच्या कडेला, खालच्या रिंगवर, जिथं जिथं फोड आले होते तिथंच, चहाचे शिंतोडे उडावेत तसे बारीक तपकिरी ठिपके.

ॲसिडनं धातूत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे केले होते आणि त्या खड्ड्यांच्या तळाशी लोहाचं क्लोराइड दडून बसलं होतं. ब्लास्टिंगची ग्रिट खड्ड्याच्या तोंडावर आपटते, तळापर्यंत पोचत नाही. क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं, थरातून पाझरणाऱ्या वाफेला बोलावणं धाडतं आणि फोड धरतो. म्हणजे तिन्ही वेळा आम्ही जखम न धुता पट्टी बांधत होतो. खात्री करायला एका ठिपक्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापूस दाबला, पिळून पाणी काढलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी ताकासारखं झालं, म्हणजे क्लोराइड होतंच. कॉलेजात केलेला हा प्रयोग नोकरीत कधी उपयोगाला येईल असं वाटलं नव्हतं.

उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ. गरम पाण्यानं प्रेशर वॉश, मग कोटिंगच्या तापमानापेक्षा थोड्या वर भट्टीत काही तास, परत ब्लास्टिंग, परत एक रात्र उघड्यावर, सकाळी भिंग घेऊन ठिपके शोधायचे. आम्हाला चार फेऱ्या लागल्या. चौथ्या सकाळी ठिपका नाही आणि सिल्व्हर नायट्रेटचं पाणी नितळ.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. गंजलेली बास्केट म्हणजे गंजलेलं पातेलं नव्हे. ती शेकडो किलोंचा माल घेऊन गरगर फिरते. खड्डे दिसले की अल्ट्रासॉनिक मीटरनं जाडी मोजा, मशीन बनवणाऱ्याच्या मर्यादेत ती बसते का बघा, आणि कोटिंगनंतर डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल तपासणं) करून घ्या. खड्डे वेल्डिंगनं भरायचे की बास्केट भंगारात काढायची हे मशीनवाल्यानं ठरवायचं. कोटिंगवाल्यानं किंवा गल्लीतल्या वेल्डरनं त्यात पडू नये. जाडी कमी भरलेल्या दोन बास्केट मी परत पाठवल्यात. त्यातली एक पार्टी कायमची तुटली.

धातू शुद्ध झाला तरी माझं समाधान होईना, कारण पहिला फोड वेल्डजवळ असला तरी पहिला पापुद्रा भोकाच्या काठावरून उचलला होता. पावडर वितळली की ती धारदार काठापासून मागं सरकते, तेलकट ताटात पाणी सरकतं तशी. सपाट जागी मायक्रॉन मीटर छान आकडा दाखवतो, काठावर तो मोजूच शकत नाही, त्यामुळे रिपोर्ट नेहमी सुंदर येतो. आम्ही तशाच भोकांची एक पट्टी बास्केटबरोबर कोट केली आणि मधोमध कापून मायक्रोस्कोपखाली धरली. सपाट जागी ७०० मायक्रॉन, काठावर २०० सुद्धा नाही. मग प्रत्येक भोकाची धार गोल करायची ठरलं. दोन पोरं, दोन एअर ग्राइंडर, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांच्या बिलावरून त्यांच्या परचेसवाल्यांशी जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसरं कारण भोसरीत बसून कधीच कळलं नसतं. बास्केट बसवायला मी स्वतः गेलो. सेंट्रिफ्यूजच्या कोपऱ्यात एक स्टीलची पट्टी उभी करून ठेवलेली, टोकाला घासून चकाकणारी. ऑपरेटर काकांना विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, "साहेब, केक, म्हणजे गाळून आत साठलेला माल, दगडासारखा बसतो. प्लास्टिकची खुरपी दिली होती, ती दोन दिवसांत वाकली. आता नखानं काढू का?"

काकांचं काहीच चुकत नव्हतं. दुसऱ्या पाळीची बॅच रात्री अकराला संपायची आणि बास्केट सकाळी सहाला रिकामी व्हायची. सात तासांत केक वाळून सिमेंट व्हायचा. "स्टीलची पट्टी वापरू नये" असा बोर्ड लावून काही झालं नसतं. पाळी सुटण्याआधी बास्केट रिकामी करायची असं ठरलं, आणि जाड पॉलिप्रोपिलीनची, गोल धारेची, लांब दांड्याची खुरपी आम्हीच करून दिली. ओला केक तिनं निघतो.

काळ्या काठाचं भोक

पिनहोलचा एक प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण तिथं प्रश्न फक्त कोटिंगचा राहत नाही. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाकीच्या आतल्या थराला दर दोन-तीन महिन्यांनी सुईच्या टोकाएवढी भोकं पडायची. झीज नाही, फोड नाही, पापुद्रा नाही. भिंगातून बघितलं तर भोकाचा काठ जळाल्यासारखा काळा. आत टोल्यूइन हे सॉल्व्हंट वेगानं यायचं. टोल्यूइन, हेक्झेन, हेप्टेन यांच्यातून वीज नीट वाहत नाही, फ्लोरोपॉलिमरमधून तर नाहीच. वाहताना स्थिर वीज साठत जाते, तिला अर्थिंगकडे जायला वाट नसते, आणि शेवटी ती थर फोडून धातूकडे उडी मारते. भोक पडलं हे त्यातलं नशीब समजा, कारण तीच ठिणगी सॉल्व्हंटच्या वाफेत पडली असती.

असं भोक दिसलं तर कोटिंगवाल्याला फोन करण्याआधी सेफ्टी ऑफिसरला करा. नायट्रोजन ब्लँकेटिंग (टाकीतल्या हवेच्या जागी नायट्रोजन भरून ठेवणं), लाइनमधला वेग, अर्थिंग, आत टाकायच्या पाइपचं टोक द्रवाखाली आहे का, हे सगळं तपासायला लागतं, आणि पुढचं कोटिंग कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहू देणाऱ्या, ग्रेडचं घ्यावं लागतं. नुसता पॅच मारून देणारा कोटिंगवाला तुमचा मित्र नव्हे.

झिजणं आणि सुटणं वेगळं

मसाल्याच्या आणि फरसाणच्या पाऊच पॅकिंगवाल्यांची तक्रार असते की सीलिंग जॉचं (पाऊच गरम दाबून बंद करणाऱ्या जबड्याचं) कोटिंग महिन्यात "सुटतं". हातात घेऊन बघितलं तर सुटलेलं काहीच नसतं. मधला पट्टा झिजून धातू उघडा पडलेला असतो, कडेचं कोटिंग पक्कं असतं. शुद्ध पीटीएफई घसरडं आहे, पण मऊ आहे, नखानं ओरखडा उठतो. त्यावर मीठ आणि मसाल्याची भुकटी दिवसभर दाबून घासली तर ३० मायक्रॉनचा थर किती दिवस पुरणार? शिवाय जॉला लॅमिनेट चिकटलं की ऑपरेटर ब्लेडनं खरवडतो. जॉवरच्या समांतर बारीक रेघा ब्लेडच्याच असतात.

त्याला इलाज आहे. आधी कठीण धातूचा किंवा सिरॅमिकचा खडबडीत थर स्प्रे करायचा आणि त्याच्या खाचांत फ्लोरोपॉलिमर भरायचं. उंचवटे भार घेतात, खाचांतलं कोटिंग चिकटू देत नाही. तो टिकतो, महागही पडतो. पण खरं सांगायचं तर लहान पॅकिंगवाल्याला मी कोटिंग करूच नका म्हणतो. टेफ्लॉनचा थर असलेल्या काचेच्या कापडाची टेप मिळते, ती लावा, खराब झाली की पाच मिनिटांत बदला. माझा धंदा बुडतो, पण दर महिन्याच्या शिव्याही वाचतात.

पुन्हा कोटिंगला टाकण्याआधी

बहुतेक परचेस ऑर्डर अशा येतात: "टेफ्लॉन कोटिंग, काळं, १ नग." टेफ्लॉन हे एका ब्रँडचं नाव, आणि त्या नावाखाली लोक निदान सहा वेगळे माल मागतात. पीटीएफई आणि पीएफए २६० अंशांपर्यंत चालतात, एफईपी २०० च्या आसपास थांबतं, ईटीएफई आणि ईसीटीएफई १५० पर्यंत. पीटीएफईचं द्रव कोटिंग एका हातात २०-२५ मायक्रॉनच्या वर गेलं की वाळलेल्या तळ्यासारखं भेगाळतं, म्हणून ॲसिडच्या टाकीला ते मागू नका. तिथं जाड बसणारं पीएफए, ईटीएफई किंवा ईसीटीएफई लागतं. पीव्हीडीएफ झिजेला चांगलं, पण कॉस्टिक आणि अमाइन्ससमोर टिकत नाही. म्हणून ऑर्डरवर रंग लिहिला नाही तरी चालेल. आत काय काय जातं, कशानं धुता, सर्वांत जास्त तापमान किती, वाफेनंतर लगेच गार पाणी सोडता का, व्हॅक्यूम ओढता का, हे लिहा. गरम-गार करण्याबद्दल विचारतो कारण ही प्लास्टिकं स्टीलच्या सात ते दहा पट प्रसरण पावतात. दर झटक्याला प्रायमरवर ताण येतो.

निर्यातवाल्या पार्ट्या हल्ली मालात पीएफओए नसल्याचं पत्र मागतात. फ्लोरोपॉलिमर बनवताना पूर्वी वापरायचे ते हे घातक रसायन. ते २०१९ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पत्र पावडर बनवणाऱ्याकडून मागवा, आमच्या लेटरहेडला त्यात काही अर्थ नाही.

जुना थर काढायला गॅस टॉर्च लावू नका. एवढं तरी ऐकाच. जास्त तापलं की यातून विषारी वायू निघतात, आणि धूर गेलेल्या माणसाला काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, फ्लूसारखा. सोललेल्या पावडरचे हात न धुता विडी ओढली तरी तेच होतं, कारण बोटावरची पावडर विडीच्या टोकावर जळते. थर काढायचं काम धूर धुणारी यंत्रणा असलेल्या भट्टीतच होऊ द्या.

माल ताब्यात घेताना स्पार्क टेस्ट समोर उभं राहून बघा. व्होल्टेज जाडीप्रमाणे ठरवून घ्या. कमी ठेवलं तर भोक सापडत नाही आणि वाढवलं तर चांगल्या थराला भोक पडतं, आणि हे दुसरं प्रामाणिक माणसांकडूनच जास्त होतं. थर ५०० मायक्रॉनच्या आत असेल तर ओल्या स्पंजची कमी व्होल्टेजची टेस्ट पुरते. मग जॉब तुमच्या कारखान्यात उतरला आणि बसवून झाला की दुसऱ्यांदा टेस्ट करा. आमच्या फाटकापासून तुमच्या फाउंडेशनपर्यंत क्रेनची साखळी, फोर्कलिफ्टचे दात, घसरलेला पाना असं बरंच काही भेटतं, आणि दोन रिपोर्ट असले की कुणी कुणावर ढकलायचं हा प्रश्न राहत नाही.

कुरकुंभची ती बास्केट यंदा तिसऱ्या वर्षाच्या तपासणीला उघडली. आत फोड नाही. स्पार्क टेस्टमध्ये दोन पिनहोल मिळाले, दोन्ही वरच्या ओठाच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर समोरासमोर. काकांनी बघितलं आणि न विचारताच बास्केट उचलणाऱ्या हॉइस्टकडे बोट दाखवलं. उचलायच्या दोन्ही हुकांवर आता रबरी नळी चढवली आहे.